निवताना

बेलफास्टला ऊन नव्हतं, म्हणून मी नाचणीचं सत्त्व रेडिएटरवर वाळत घातलं.

नातू सहा महिन्यांचा झाला होता आणि त्याच्या उष्टावणासाठी मी गेले होते. लेकीने ओट्यावर बाळाच्या खाण्याच्या डब्यांची रांग लावून ठेवली होती, प्रत्येकावर एक हसरं बाळ. मी त्या रांगेकडे काणाडोळा करून तिथल्या भारतीय दुकानातून नाचणी आणली. भिजवली, मोड आणले, मिक्सरवर वाटली, लेकीच्या जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळली आणि पातेलं रात्रभर निवळत ठेवलं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं. तळाशी साका बसला होता, राखाडी-गुलाबी, बोटाने दाबला की घट्ट आणि बोट उचललं की पुन्हा ओलसर. तो ताटात पसरला आणि आभाळाकडे पाहिलं. अंधेरीला असते तर गच्चीत दोन उन्हं दिली की झालं. इथलं आभाळ म्हणजे पिळायची राहून गेलेली गोधडी. शेवटी ताट रेडिएटरवर ठेवलं, वर पातळ फडकं टाकलं आणि येता-जाता ते उचलून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला तडा गेला. कडेपासून निघून वळसे घेत मधोमध आला आणि थांबला. मग दुसरा निघाला, तो पहिल्याला जाऊन भिडला, अगदी काटकोनात. कुरडयांचा चीक उरतो त्या पातेल्यात, उन्हाळ्यात तुळशीवृंदावनातल्या मातीत, हे मी जन्मभर बघत आले होते. पण बाळ झोपलेलं, घर चिडीचूप, बाहेर पाऊस, अशा वेळी माणूस नाचणीच्या तड्याकडेही अर्धा तास बघू शकतो.

तिसऱ्या दिवशी ताट पालथं केलं. थर पातळ होता तिथे साध्या खपल्या निघाल्या. मधे, जिथे तो बोटभर जाड होता, तिथे मात्र वेगळंच काही झालं होतं. वरून वेडावाकडा दिसणारा तुकडा हातात घेऊन आडवा पाहिला तर त्यात बारीक उभ्या काड्या होत्या, काडेपेटीत भरल्यासारख्या एकमेकींना खेटून. नखाने एक काडी सुटी केली आणि चष्मा लावून कडा मोजल्या. पाच. शेजारच्या काडीला सहा.

लेकीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "आई, हे तर कॉजवेच झालं गं!"

मुंबईच्या माणसाला कॉजवे म्हटलं की माहीम आठवतं, नाहीतर कुलाबा, म्हणजे एकूण गर्दी आणि घासाघीस. मी म्हटलं, "कसला कॉजवे?"

"रविवारी जाऊ. बघच तू."

*

जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम काउंटीत, अगदी वरच्या किनाऱ्यावर आहे. बुशमिल्स नावाचं लहानसं गाव लागतं आणि तिथून पुढे जमीन संपत आल्याचं कळतं. जावयाने गाडी लावली, लेकीने बाळाला पोटाशी बांधलं, मी छत्री उघडली आणि वाऱ्याने ती लगेच उलटी केली. खाली किनाऱ्यापर्यंत छोटी बस जाते, पण मी चालत गेले. उतारावर गुडघे दुखतात हे खरं, पण बसच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या आणि एवढ्या लांब येऊन वाफ बघण्यात अर्थ नव्हता.

आधी निराशाच झाली, हे प्रामाणिकपणे सांगते. फोटोत ते सगळं अजस्र वाटतं. समोर होता तो काळ्या दगडांचा एक उतरता ओटा, समुद्रात घुसत गेलेला, आणि त्यावर रंगीबेरंगी रेनकोट घातलेली माणसं. मी त्यावर पाय ठेवला आणि खाली पाहिलं तेव्हा मात्र पायच उचलेना.

घाटावर फरशी बसवतात तशी ती जमीन बसवलेली होती. सहा बाजूंचा एक दगड, त्याला सहा बाजूंनी सहा शेजारी, आणि मधल्या फटीत सुरी जाईल न जाईल. पण फरशी असते बोटभर जाडीची. हे तर खांब होते, पायाखाली उभे, आणि मला दिसत होती ती फक्त त्यांची डोकी. कुठे खांब एक हात वर, कुठे दोन हात खाली, त्यामुळे आपोआप पायऱ्या झालेल्या. कुणाचा माथा थोडा फुगीर, कुणाचा वाटीसारखा खोलगट. खोलगट वाट्यांत पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्या प्रत्येक वाटीत आभाळाचा एक तुकडा होता. समुद्राकडचे दगड काळेकुळकुळीत, त्यांच्या वरच्यांवर पिवळ्या दगडफुलाचे डाग, त्याहून वर राखाडी. भरतीचं पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा होत्या त्या.

सगळे मिळून सुमारे ४०,००० खांब आहेत म्हणतात. सर्वांत उंच १२ मीटरच्या आसपास. बहुतेक षट्कोनी, पण चार, पाच, सात, आठ बाजूंचेही आहेत. मी बसल्या जागी मोजायला लागले. पाच, सहा, सहा, सात, पाच, सहा. मोजताना वाटत राहिलं की हे कुणीतरी केलेलं आहे. त्यात माझं काही चुकलं नाही. शेकडो वर्षं सगळ्यांना हेच वाटत आलंय.

*

तिथल्या माणसांनी त्या कुणाला तरी नावही देऊन टाकलंय. त्यांचा राक्षस फिन मॅक्कूल आयर्लंडचा. समुद्रापलीकडे स्कॉटलंडात दुसरा राक्षस, बेनानडॉनर. दोघांत कुरबूर. मग फिनने दगडांचे खांब रोवत रोवत समुद्रातून रस्ता बांधला, की ये आता समोर. पलीकडचा निघाला. तो जवळ आला तेव्हा फिनला दिसलं की हा तर आपल्या दुप्पट आहे. आपल्याकडे अशा वेळी वीर काय करतो ते सांगायला नको, पण फिन पळत घरी आला.

पुढची गोष्ट त्याच्या बायकोची, उनाची. तिने नवऱ्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्यात निजवलं. बेनानडॉनर दारात आला, तर ही म्हणते, बसा, ते येतीलच, आवाज करू नका, बाळ झोपलंय. त्याला भाकरी वाढली, पण भाकरीच्या पोटात लोखंडी तवा भरलेला. पाहुण्याचा दात पडला. तसलीच दिसणारी, पण बिनतव्याची भाकरी तिने बाळाच्या हातात दिली आणि बाळाने ती मटकन खाल्ली. बेनानडॉनरने एकदा भाकरीकडे पाहिलं, एकदा पाळण्याकडे. पोर एवढं असेल तर बाप केवढा असेल? तो जो धावत सुटला तो वाटेत रस्ता उखडत गेला, मागून कुणी येऊ नये म्हणून. म्हणून रस्त्याची दोनच टोकं उरली, एक इथे आणि दुसरं स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर.

मला ही गोष्ट फार आवडली. जगातल्या आश्चर्यांच्या गोष्टींत बहुधा देव असतात, शाप असतात, कुणाच्या तरी रक्ताचे थेंब असतात. इथे एक घाबरलेला नवरा आणि एक धोरणी सुगरण. लेकीच्या पोटाशी बांधलेल्या आमच्या राक्षसाने ऐकता ऐकता तोंडात मूठ घातली होती आणि लाळेने त्याचा रेनकोट आतून ओला झाला होता.

गोष्टीत एक शहाणपण आहेच. स्टाफा बेटावर खरोखर तसलेच खांब आहेत, तिथल्या फिंगल्स केव्ह नावाच्या गुहेच्या भिंतीच त्यांच्या बनलेल्या आहेत. दोन्ही ठिकाणचा दगड एकाच काळातला, एकाच मोठ्या ज्वालामुखी पट्ट्यातला. भूगर्भशास्त्र माहीत नसलेल्या कोळ्या-मेंढपाळांनी समुद्राच्या दोन काठांवरचे दगड ओळखून नात्यातले ठरवले होते.

*

अठराव्या शतकातले मोठे इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांना त्यांच्या चरित्रकाराने, बॉझवेलने, या जागेबद्दल छेडलं होतं, की ती पाहण्याजोगी नाही का? जॉन्सन म्हणाले, आहे ना, पण पाहायला जाण्याजोगी नाही. हे १७७९ साली. जॉन्सन आयर्लंडला कधी गेलेच नाहीत, त्यामुळे त्यांना असं म्हणणं परवडलं.

गेली ती एक बाई. सुझॅना ड्रुरी. १७३९च्या सुमारास ही डब्लिनची चित्रकर्ती तिथे जवळपास तीन महिने राहिली आणि जवळजवळ रोज त्या दगडांवर जाऊन बसली. आता चांगला रस्ता आहे, गाडी लावायला जागा आहे, गरम कॉफी आहे, तरी माझी बोटं वीस मिनिटांत गारठली. तिच्या वेळी काय असेल? पण तिने जे काढलं ते मोजून काढलं. त्या काळच्या चित्रकारांना अशा जागी वादळ, वीज, कडेलोट असं काहीतरी लागायचं. हिने एकेक खांब काढला, त्याच्या आडव्या सांध्यांसकट. १७४० साली तिच्या चित्रांना डब्लिन सोसायटीचं बक्षीस मिळालं, मग त्यांवरून ताम्रपट कोरले गेले आणि छापील प्रती युरोपभर फिरल्या.

त्यांतल्या प्रती फ्रान्समध्ये भूगर्भशास्त्रज्ञ निकोला देमारे याच्या नजरेला पडल्या. देमारे १७६३ साली फ्रान्सच्या ओव्हर्न्य भागात फिरत होता आणि तिथे त्याला असेच खांब सापडले होते. त्या खांबांचा माग काढत तो चढत गेला तर तो दगड एका विझलेल्या ज्वालामुखीच्या ओघळापर्यंत पोचला. मग त्याने तर्क केला की आयर्लंडच्या त्या चित्रांतला दगडही आगीतूनच आला असणार. स्वतः न जाता, एका बाईने थंडीत बसून काढलेल्या रेघांवरून. हे म्हणणं सहज कुणी मानलं नाही. जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या वेर्नर गुरुजींचा पंथ म्हणायचा की असले दगड आदिम समुद्राच्या तळाशी साका बसून झाले. दोन्ही पक्षांत पुढे कित्येक वर्षं भांडण चाललं, कविराज गटे यांच्यासारखी माणसंही पाण्याच्या बाजूने उभी राहिली.

खरं सांगू, वेर्नर गुरुजींची मला थोडी दया येते. माझ्या ताटातही साकाच होता आणि काड्याही झाल्याच होत्या.

आणि त्यातलं कोडं कॅनडात टोरोंटोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वयंपाकघरातल्याच वस्तूने सोडवायला घेतलं. ल्युकस गेरिंग आणि स्टीफन मॉरिस यांनी मक्याचं पीठ, आपण सूप दाट करायला घालतो ते कॉर्नफ्लॉवर, पाण्यात कालवून दिव्याखाली वाळवलं. ते वाळत गेलं आणि आत खांब झाले. लाव्हाचं थंड होणं आणि पिठाचं वाळणं, दोन्हीत एकच गोष्ट घडते. हे बाहेरून आत आत होत जातं, एकात उष्णता बाहेर पडते, दुसऱ्यात पाणी. ज्यातून ते जातं तो भाग आकसतो. आकसायला जागा नाही, कारण शेजारी तोही आकसतोय. मग फाटायचंच. वरच्या पातळीवर तडे घाईघाईने, कसेही जातात आणि एकमेकांना काटकोनात भिडतात, माझ्या ताटातल्या पहिल्या तड्यांसारखे. पण तोच तडा जसजसा खाली उतरतो तसतसा तो शहाणा होत जातो. दोन तड्यांचा सांधा हळूहळू तीन सारख्या फाट्यांचा होतो, प्रत्येक कोन १२० अंशांच्या आसपास, आणि अशा तिठ्यांनी वेढलेलं जे मधे उरतं ते षट्कोनी. कमीत कमी फाटून जास्तीत जास्त ताण सोडायची ही रीत आहे.

लाव्हा जितका सावकाश निवतो तितके खांब जाड होतात. २०१८मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी आइसलँडच्या एयाफ्यादलायोकुल ज्वालामुखीच्या खांबांतला बेसाल्ट प्रयोगशाळेत तापवून पुन्हा निववला. २०१० साली ज्याच्या राखेने युरोपातली विमानं अडवली होती तोच हा ज्वालामुखी. साधारण ९८० अंशांना घट्ट होणारा दगड ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान तडकतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे तडकतो तेव्हा तो दगड झालेला असतो, घट्ट असतो, पण अजून लालबुंद असतो. हा आकडा वाचल्यापासून मला ते काळे, ओले, थंडगार खांब आठवले की आधी लाल दिसतात.

तडा एका दमात खाली जात नाही, हेही नंतर वाचलं. थोडा जातो, थांबतो, आतलं आणखी निवलं की पुन्हा थोडा जातो. त्या प्रत्येक थांब्याची आडवी पट्टी खांबाच्या अंगावर राहते. लहानपणी आमच्या चाळीत पाट्या-जात्याला टाकी लावणाऱ्या बायका यायच्या. आजीच्या पाट्यावर त्या ओळीने घाव घालत जायच्या, ठक ठक ठक, विसावा, ठक ठक ठक. दगडावर ओळी उमटायच्या. खांबांच्या अंगावरच्या त्या पट्ट्यांचं चित्र पाहिलं तेव्हा मला टाकीचाच आवाज ऐकू आला.

*

परत वर चढताना मी दम घ्यायला थांबले आणि सहज कड्याकडे पाहिलं. काळ्या कड्याच्या मधोमध एक तांबडा पट्टा गेला होता, आडवा, विटकरी, खाली काळा, वर काळा.

मी लेकीला म्हटलं, "अगं, हा वरंध घाट."

ती हसली. पण मी चेष्टा करत नव्हते. गावी जाताना एसटीच्या खिडकीतून हजार वेळा पाहिलेला तो पट्टा होता. सह्याद्रीत कुठेही घाटरस्ता कापला की काळ्या थरांच्या मधे असा लाल थर दिसतो. एक लाव्हा येऊन निवला, मग बराच काळ दुसरा आला नाही, त्या मधल्या काळात पावसाने आणि हवेने वरचा दगड कुजवून माती केली, झाडंझुडपं आली असतील, आणि मग दुसऱ्या लाव्हाने ती माती भाजून काढत झाकून टाकली. तो लाल थर म्हणजे दोन आगींच्या मधली शांतता. अँट्रिमच्या कड्यात तो आहे कारण तेव्हाचं आयर्लंड ऊबदार आणि दमट होतं. छत्री उलटी करणारा वारा अंगावर घेत त्यावर विश्वास ठेवणं जड जातं, पण पट्टा समोर होता.

सह्याद्रीच्या या दगडाला भूगर्भवाले डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे इंग्रजी सापळा नव्हे, स्वीडिश भाषेत तो शब्द पायरीसाठी आहे. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात म्हणून. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे, कुठे कुठे दोन किलोमीटरांहून जाड. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. आयरिश खांब ५ ते ६ कोटींचे. म्हणजे आमचा दगड थोरला. उगाच बरं वाटलं मला.

निघण्यापूर्वी एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. खांबांच्या फटींत लोकांनी नाणी खोचलेली होती. शेकडो. काही ताजी, काही हिरवी पडलेली, काही गंजून दगडाशी एकजीव झालेली, आणि त्यांच्या खाली दगडावर तांबूस ओघळ. कुणी प्रेमासाठी खोचतं, कुणी नशिबासाठी. माझाही हात न विचारता पर्समध्ये गेला. नातू सुखरूप झाला होता, लेकीचं सगळं नीट पार पडलं होतं, मनात कुठेतरी देणं होतं आणि समोर फट होती. दोन पेन्सचं नाणं हाताला लागलं. मी ते फटीशी नेलं.

"आई, नको ना!" लेक एवढ्या जोरात ओरडली की बाळ दचकलं. मग हळू आवाजात तिने सांगितलं. ही दोन पेन्सची नाणी दिसतात तांब्याची, पण १९९२पासून ती आतून पोलादाची असतात, वर नुसता तांब्याचा मुलामा. खाऱ्या हवेत पोलाद गंजतं, गंजताना फुगतं, मूळ जाडीच्या तिप्पट होतं आणि खांबाची कड फोडतं. २०२५ साली तिथली देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने लोकांना हात जोडून विनवलं की नाणी घालू नका, काढायला दगडकाम करणारे लावावे लागतात.

पाच-सहा कोटी वर्षं जे टिकले त्यांना आमचा नवस सोसेना. मी नाणं परत पर्समध्ये टाकलं, आणि खरं तर जरा रुसले.

*

आमचं घर अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या मागच्या अंगाला. गॅलरीतून गिल्बर्ट हिल दिसायची. रिक्षावाले तिला गिल्बट म्हणतात, आजी गावदेवीचा डोंगर म्हणायची. सरळसोट, काळी, सुमारे २०० फूट उंच, आणि चारी बाजूंनी इमारती, झोपड्या, कपड्यांच्या दोऱ्या, डिश अँटेना. आजूबाजूचा डोंगर खाणींनी कधीच नेला होता. हा तेवढा सुळका राहिला, उसाचा फड तोडताना एक ऊस राहावा तसा.

नवरात्रात आजी मला तिथे घेऊन जायची. दगडात खोदलेल्या पायऱ्या, वर गावदेवी आणि दुर्गामातेचं देऊळ. चढताना एका अंगाला दगडाची भिंत असायची आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा. मी एकदा त्या रेघांवर पाय टेकून दम खाल्ला, तर आजी वसकन अंगावर आली होती, "पाय काढ! गावदेवीच्या लुगड्याच्या निऱ्या आहेत त्या."

निऱ्या. चाळीस वर्षांनी आयर्लंडहून परतल्यावर मी त्या पाहिल्या आणि आजीसमोर हात जोडले. कारण नेमका तोच शब्द. चोपून घेतलेल्या, एकीवर एक बसवलेल्या, काठापासून पदरापर्यंत सरळ. ते खांबच आहेत, बेसाल्टचे, उभे, जायंट्स कॉजवेच्याच जातीचे, फक्त इथे आपण त्यांच्या डोक्यावर उभे नसतो, त्यांच्या पोटाशी उभे असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासाठीच. मात्र वळसा घेतला नसता तर कळसा कळलाही नसता, याचीही नोंद असावी.

वर्तमानपत्रं अधूनमधून लिहितात की असा खडक जगात फक्त तीन ठिकाणी आहे, अंधेरीत आणि अमेरिकेत दोन. ते साफ खोटं. माझ्या बुटांना ४०,००० खांबांची माती लागून आलेली आहे. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर तसे खांब आहेत, आइसलँडात आहेत, कोरियाच्या जेजू बेटावर आहेत. याच जेजूला २०११मध्ये मतदानाने निसर्गाच्या सात नव्या आश्चर्यांत बसवलं. मोबाइलवरून मतं घेऊन आश्चर्य ठरवायचं हा प्रकार मला गल्लीतल्या दहीहंडीच्या बक्षिसासारखा वाटतो, पण ते असो.

अमेरिकेतला त्यांतला एक मात्र गंमतीचा आहे. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर, पायथ्यापासून २६५ मीटर, १९०६ साली थिओडोर रूझवेल्टने जाहीर केलेलं त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक. मी तो पाहिलेला नाही. तिथल्या कायोवा लोकांची गोष्ट अशी की सात बहिणींमागे अस्वल लागलं, त्या एका खडकावर चढल्या, खडक वाढत आभाळाला गेला आणि अस्वलाने रागाने त्यावर नखं ओढली. त्या नखांचे ओरखडे म्हणजे हे उभे खांब. बहिणी आभाळात राहिल्या, त्या म्हणजे आपल्या कृत्तिका. एकाच्या दगडावर अस्वलाची नखं, एकाच्या दगडावर देवीच्या निऱ्या. मला आमचं बरं वाटतं.

गिल्बर्ट हिलला १९५२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं होतं आणि २००७ साली मुंबई महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवलं. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं, शाळेत नाही, कॉलेजात नाही, आणि कॉलेज तर तिच्या सावलीत होतं. जायंट्स कॉजवे १९८६पासून जागतिक वारसा आहे. दोघांत फरक काय, तर एकाला सुझॅना ड्रुरी भेटली. आमच्या डोंगराला आजी भेटली होती, पण तिने चित्र काढलं नाही, फक्त पाय काढायला लावला.

ऑक्टोबरात मी पुन्हा चढले. एकटीच, दुपारी, म्हणजे चुकीच्या वेळी. चपला खाली काढून हातात घेतल्या. पायऱ्यांवरून दोन मुलं धडाधडा उतरत होती, एका घरातून कांदा परतल्याचा वास येत होता, आणि दर दोन-तीन मिनिटांनी सांताक्रूझच्या बाजूला एक विमान खाली झुकत होतं. मी निऱ्यांवर हात ठेवला. बोट एका खांबाच्या कडेवरून खाली नेलं, मग फट, मग पुढचा खांब. कोपरा चाचपला. काटकोन नव्हता. बोथट, मोकळा कोन, तीन फाट्यांचा.

वर देवळात गार होतं. दर्शन घेतलं आणि दक्षिणेसाठी पर्स उघडली तर कप्प्यात तेच नाणं, दोन पेन्सचं, न खोचलेलं. मी ते पुजाऱ्याच्या हातात दिलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"ह्या कोण बाई?"

"राणी होती त्यांची."

"ताई, हे इथं चालायचं नाही."

"देवीला चालेल," मी म्हटलं. "तिकडचं देणं राहिलंय."

त्याने जरा विचार केला, नाणं उपरण्याला पुसलं आणि ताम्हनात इतर नाण्यांपासून थोडं लांब, कडेला ठेवलं. मी प्रसादाचा खडा तोंडात टाकून बाहेर आले. चपला हातातच होत्या. पायऱ्यांवर ऊन सरळ पडत होतं आणि दगड इतका तापला होता की तळवा टेकवत नव्हता. भिंतीला एक हात धरून, पावलं उचलत उचलत, मी खाली उतरू लागले.